प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची? (किडनीतले व्रण आणि आमच्या घरातलं शीतयुद्ध)

मृद्गंध | ११ जून, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिनने हलवावा.

नवरा ३६ वर्षांचा. मार्चमध्ये त्याचा घसा धरला आणि दुसऱ्याच दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. दोन दिवसांत रंग निवळला, आम्ही विसरलो. मे महिन्यात ऑफिसच्या वार्षिक तपासणीत बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन तीन प्लस, क्रिएटिनिन (किडनी कमी गाळायला लागली की रक्तात वाढतं ते) १.८. नेफ्रॉलॉजिस्टने बायोप्सी करायला लावली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: आयजीए नेफ्रोपॅथी, एम१ ई० एस१ टी१ सी०. १८ पैकी ४ ग्लोमेरुलाय (किडनीतल्या बारीक गाळण्या) पूर्ण स्क्लेरोज्ड, म्हणजे व्रण होऊन बंद. इंटरस्टिशियल फायब्रोसिस आणि ट्युब्युलर ॲट्रॉफी, म्हणजे नलिकांच्या मधे व्रण आणि आक्रसलेल्या नलिका, ३० टक्के.

डॉक्टर म्हणाले, हा सगळा उद्योग त्यांच्याच रोगप्रतिकारक शक्तीचा आहे. आधी बीपीच्या गोळ्या नीट बसवू, मग ती शक्ती दाबायला स्टेरॉइड देऊ. घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आजार झाला ना? मग हे आणखी कमी करणार?" दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गुळवेलीचा काढा सुरू. नवरा दोघींनाही दुखवत नाही. काढाही पितो, डॉक्टरांनाही मान डोलावतो.

मला खरंच कळत नाहीये. वाढवायची की दाबायची? आणि तो ३० टक्क्यांचा व्रण कशाचा? जखम तर कुठे झालेलीच नाही.

चकली | ११ जून, रात्री १०:३१

घाबरू नका ताई, आधी धीर धरा. इथे स्लाइडवाली आहेत, पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या खरडवहीत निरोप टाकलाय.

कोल्हापुरी ठेचा | ११ जून, रात्री १०:५०

लघवीला फेस यायचा का हो आधी? माझ्या चुलत्याला यायचा, गुऱ्हाळात काहिलीवर मळी येते तसा. पाणी ओतलं तरी जायचा नाही. तो आपला म्हणायचा, "धार जोरात आहे म्हणून येतोय, अजून जवान आहे तुझा काका." चार वर्षं असं म्हणण्यात गेली. आता मंगळवार-शुक्रवार डायलिसिस.

मृद्गंध | ११ जून, रात्री ११:०२

फेस यायचा. मी हार्पिकवर ढकलला होता.

निवृत्त मास्तर | १२ जून, सकाळी ५:४०

सूनबाई, तुमच्या सासूबाईंचं अगदीच चूक नाही. गुळवेलीला अमृता म्हणतात ते उगाच नाही. स्टेरॉइडने लोकांची हाडं ठिसूळ झालेली, साखर वाढलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. शरीराची स्वतःची ताकद दाबून कुणी बरं झाल्याचं माझ्या ७१ वर्षांच्या आयुष्यात ऐकिवात नाही. विचार करून निर्णय घ्या, घाई नको.

स्लाइडवाली | १२ जून, दुपारी २:२०

चकलीने बोलावलं म्हणून आले. मी उपचार सांगणार नाही, ते तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट बघतील. पण रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते, अर्धं उत्तर त्यातच आहे.

सोनोग्राफीवर बघत पाठीतून सुई घालतात आणि शेवईएवढे दोन तुकडे काढतात. एक फॉर्मॅलिनमध्ये येतो, दुसरा वेगळ्या द्रावात. या दुसऱ्या तुकड्याचे गोठवून काप काढायचे, त्यावर हिरवी चमक देणारी अँटिबॉडी सोडायची आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचं. काळ्या पार्श्वभूमीवर ग्लोमेरुलसच्या मधोमध, केशवाहिन्यांना धरून ठेवणाऱ्या मेसँजियममध्ये, झाडाच्या फांद्यांसारखी हिरवी नक्षी उजळते. ती म्हणजे तुमच्या यजमानांचं आयजीए. पॅरिसमध्ये जाँ बेर्जे आणि निकोल हिंग्ले यांनी १९६८ साली हा आजार पहिल्यांदा मांडला तो हे चमकणारं तंत्र हाताशी आलं म्हणूनच. साध्या रंगवलेल्या स्लाइडवर या आजाराचं निदान पक्कं होतच नाही.

आयजीए ही काही शत्रूची वस्तू नाही. घसा, आतडी अशा ओल्या पृष्ठभागांची राखण करणारी ती आपलीच अँटिबॉडी. तिच्या सांध्याजवळ साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. या आजारात त्यातल्या काही साखळ्यांना गॅलॅक्टोज लागलेलं नसतं. ही अर्धवट अँटिबॉडी शरीराला परकी वाटते, मग तिच्याविरुद्ध दुसरी अँटिबॉडी तयार होते. दोघींची जोडगोळी रक्तातून फिरत किडनीच्या गाळणीत अडकते. घसा धरला की आयजीएचं उत्पादन वाढतं, म्हणून एक-दोन दिवसांत चहाच्या रंगाची लघवी.

त्यामुळे सासूबाईंना सांगा की प्रतिकारशक्ती कमी नाही आणि जास्तही नाही. पत्ता चुकलाय.

आता व्रण. फॉर्मॅलिनवाल्या तुकड्याला आम्ही ट्रायक्रोम नावाचा रंग देतो. त्यात कोलॅजन निळं दिसतं. निरोगी किडनीत नलिका एकमेकींना खेटून असतात, पोळ्यातल्या घरांसारख्या, मध्ये निळी रेघ जेमतेम दिसते. तुमच्या यजमानांच्या स्लाइडमध्ये जवळजवळ एक तृतीयांश भागात या रेघेचा पट्टा झालेला असणार आणि त्यात आक्रसलेल्या नलिका, वाळलेल्या घेवड्याच्या शेंगांसारख्या. टी१ म्हणजे हा भाग २६ ते ५० टक्क्यांच्या मध्ये. एम१ म्हणजे मेसँजियममध्ये पेशी वाढलेल्या, एस१ म्हणजे काही गाळण्यांच्या एखाद्या कोपऱ्यात डाग. ई० आणि सी० चांगले आहेत, म्हणजे गाळणीच्या केशवाहिन्यांच्या आत पेशींची गर्दी किंवा गाळणीभोवती चंद्रकोरी दिसलेल्या नाहीत.

खवचट खानदेशी | १२ जून, दुपारी २:४१

१८ गाळण्या बघून निकाल? दोन्ही किडन्यांत मिळून किती असतात?

स्लाइडवाली | १२ जून, दुपारी २:४९

साधारण वीस लाख.

खवचट खानदेशी | १२ जून, दुपारी २:५०

म्हणजे एक्झिट पोल.

स्लाइडवाली | १२ जून, दुपारी ३:०५

हसा. पण हा आजार दोन्ही किडन्यांत बऱ्यापैकी सगळीकडे पसरलेला असतो म्हणून हा पोल सहसा फसत नाही. ३० टक्के हा आकडा मात्र नजरेचा अंदाज असतो. माझ्या शेजारी बसणारी २५ म्हणेल, मी ३५ म्हणेन. त्या आकड्यावरून रात्र जागवू नका.

पाणक्या | १२ जून, संध्याकाळी ७:१५

मी पाणीपुरवठ्यातला इंजिनियर, मला हे असं समजलं, चुकत असेल तर सांगा. पाइप फुटला. महापालिकेची गँग आली, खणलं, घाण उपसली. मग भराव टाकून काँक्रीट ओतलं. इथपर्यंत ठीक. पण पाइप रोज फुटतोय, गँगचा मुक्काम हलत नाही आणि काँक्रीटची गाडी रोज येतेच आहे. शेवटी पाइपही काँक्रीटमध्ये, गटारही काँक्रीटमध्ये, आणि रस्ता मात्र छान गुळगुळीत. व्रण म्हणजे दुरुस्तीच, फक्त थांबायची विसरलेली. बरोबर का?

स्लाइडवाली | १२ जून, रात्री ९:३०

पाणक्या, उद्या माझ्या विद्यार्थ्यांना हेच सांगणार. थोडी भर घालते.

पाइप रोज फुटतो तो कसा? गाळणी फाटली की प्रोटीन नलिकेत उतरतं. नलिकेच्या पेशी ते परत ओढून घेण्यात दमतात आणि धोक्याचे रासायनिक निरोप सोडतात. ते ऐकून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किडनीत शिरतात आणि मॅक्रोफेज होतात. म्हणजे ठेचा म्हणतात तो फेस हे नुसतं लक्षण नाही, गँगला रोज जाणारा फोन आहे. म्हणूनच डॉक्टर लघवीतल्या प्रोटीनच्या मागे हात धुऊन लागतात.

हे मॅक्रोफेज दोन तोंडांचे. सुरुवातीला मेलेल्या पेशींचा राडारोडा खातात, सूज वाढवतात. नंतर तेच डागडुजीच्या कामाला लागतात आणि टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडतात. या प्रथिनाच्या इशाऱ्यावर नलिकांमधल्या फटीतल्या गप्प बसलेल्या पेशी मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजन विणायला घेतात. यात टी-पेशी आहेत, कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली राखणदार प्रथिनं आहेत, अख्खं गाव आहे. गँगला कायमचं हाकलून द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत चुकीच्या वेळी मॅक्रोफेज काढून टाकले तर किडनीचं भरून येणंच लांबलं.

निवृत्त मास्तर | १३ जून, सकाळी ५:३५

बाईसाहेब, आपण छान समजावलंत. पण मग याचा अर्थ दाबणंही धोक्याचं, असाच झाला ना? शिवाय त्या टीजीएफवरच औषध का काढत नाहीत?

स्लाइडवाली | १३ जून, दुपारी १:१०

मास्तर, प्रश्न वर्मी लागला. काढलं होतं. मधुमेहाने खराब होणाऱ्या किडनीवर टीजीएफ-बीटा-१ ला अडवणारी अँटिबॉडी माणसांत वापरून पाहिली. फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवली. शिवाय हेच प्रथिन प्रतिकारशक्तीला लगामही घालतं. ज्या उंदरांत त्याचं जनुकच काढून टाकलं ते जन्मानंतर काही आठवड्यांत सर्वांगाला सूज येऊन मेले. कोलॅजन विणायला सांगणारा आणि भांडण मिटवणारा एकच इसम.

स्टेरॉइडबद्दलची तुमची भीती खोटी नाही. चीन, भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात मिळून याच आजारावर टेस्टिंग नावाची चाचणी झाली, ५०३ रुग्ण. पहिल्या टप्प्यात डोस मोठा होता, जंतुसंसर्ग इतके झाले, काही मृत्यूही, की भरती थांबवावी लागली. मग डोस कमी केला, सोबत न्यूमोनिया टाळणारी गोळी दिली आणि चाचणी पुढे नेली. २०२२ मध्ये निकाल आला. किडनीची क्षमता ४० टक्क्यांनी घसरणं, किडनी निकामी होणं किंवा किडनीमुळे मृत्यू, हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत २८.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४३.१ टक्के. फायदा आहे आणि धोकाही आहे. दोन्ही एकाच निबंधात छापलेत.

मृद्गंधताई, स्टेरॉइड सूज उतरवतं, झालेलं काँक्रीट फोडत नाही. ३० टक्के गेले ते गेले असं समजा, भांडण उरलेल्या ७० साठी आहे.

मधली सून | १३ जून, दुपारी १:४४

काढ्याचं कुणीच बोलत नाहीये. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं, आणि तीही प्रतिकारशक्तीने स्वतःवरच हल्ला केल्यासारखी. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, की वनस्पती नक्की कोणती होती ते तपासलेलंच नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद आहेच. पण मला एवढंच वाटतं, जिथे प्रतिकारशक्तीच अंगावर आलीय तिथे ती "वाढवणारं" काही डॉक्टरांना न सांगता कशाला?

निवृत्त मास्तर | १३ जून, दुपारी २:०२

ॲलोपॅथीवाल्यांना आयुर्वेदाचं वावडं आहे हे नवीन नाही.

स्लाइडवाली | १३ जून, दुपारी २:३०

मास्तर, माझे वडील वैद्य होते. वावडं नाही, हिशेब आहे. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या, म्हणजे किडनीच्या गाळणीच्याच दुसऱ्या एका आजाराच्या, रुग्णांचा अभ्यास छापला. एका ठरावीक प्रकारात, नेल-१ म्हणतात त्याला, बऱ्याच जणांनी पारंपरिक औषधं घेतलेली निघाली, आणि तपासलेल्या औषधांत पारा. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं प्रोटीन कमी झालं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये हाच प्रकार गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याने झाला, म्हणजे यात आयुर्वेदाचा संबंधच नाही. पारा प्रतिकारशक्तीला चिथावतो, एवढाच मुद्दा. काढा असो की क्रीम, आत काय आहे ते माहीत हवं.

दुसरी पारी | १३ जून, रात्री ९:२५

उशीर झाला, नऊची गोळी घेऊन बसलोय. मला हाच आजार होता, पण कळला तेव्हा क्रिएटिनिन ९. बायोप्सी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. २०१३ साली आईने किडनी दिली. ती माझ्या उजव्या कुशीत, पोटाच्या खालच्या बाजूला आहे, हाताला लागते. सर्दी झाली की मी नकळत तिच्यावर हात ठेवतो.

मास्तर, "प्रतिकारशक्ती दाबून कुणी बरं झाल्याचं ऐकिवात नाही" म्हणालात, तर राम राम, मी नाशिकहून बोलतोय. सकाळी नऊ, रात्री नऊ, बारा वर्षं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अलार्म वाजला आणि भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं की शेवटचं कडवं लवकर आटोपलं.

आता गंमत बघा. जी टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी माझी गोळी, ही किडनी वाचवते, तीच जास्त झाली की किडनीत पट्ट्यापट्ट्यांचे व्रण पाडते. कमी झाली तर माझं शरीर आईची किडनी परकी समजून व्रण पाडणार. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन पातळी बघायची. शिवाय मूळ आयजीएसुद्धा नव्या किडनीत परत येऊ शकतं. माझ्या दुसऱ्या बायोप्सीत थोडं चमकलंच होतं. वाढवायची की दाबायची या प्रश्नावर माझं उत्तर: रोज सकाळी काट्यावर तोलायची.

वहिनी, स्टेरॉइड सुरू करायच्या आधी लसींचं विचारून घ्या, न्यूमोनियाची वगैरे. जिवंत जंतूंच्या लसी नंतर चालत नाहीत. आणि टीबीची तपासणी झालीय का तेही. आपल्याकडे झोपलेला टीबी स्टेरॉइडने जागा होतो.

चकली | १३ जून, रात्री ९:४०

दादा, आईंना नमस्कार सांगा.

दुसरी पारी | १३ जून, रात्री ९:५२

सांगतो. ७४ वर्षांच्या आहेत, क्रिएटिनिन माझ्यापेक्षा चांगलं आहे.

टोरांटोकर | १४ जून, पहाटे ४:१८

मलाही आयजीए, २०१९ पासून. नवीन औषधांबद्दल लिहितो. अमेरिकेत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुटणारं ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड २०२१ मध्ये मंजूर झालं, कारण गडबड करणारं आयजीए तिथे तयार होतं असं मानतात. २०२३ मध्ये स्पारसेंटन, २०२४ मध्ये कॉम्प्लिमेंट अडवणारं इप्टाकोपॅन. किंमत विचारू नका, विमा कंपनी पत्रव्यवहार करतेय.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मधुमेहाच्या गोळीचा, मधुमेह नसताना. डापाग्लिफ्लोझिन. २०२१ च्या एका विश्लेषणात आयजीएचे २७० रुग्ण होते, त्यांच्यात किडनी बिघडण्याचा धोका बराच घटलेला दिसला. ही गोळी प्रतिकारशक्तीला थेट हात लावत नाही, गाळणीवरचा दाब उतरवते. पाइपच्या भाषेत, प्रेशर कमी केलं. भारतात तिचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं, त्यामुळे तुमच्याकडे स्वस्तात मिळते. उलट्या-जुलाब असतील त्या दिवशी थांबवायची का ते आधी विचारून ठेवा.

पाणक्या | १४ जून, सकाळी १०:००

प्रेशर कमी केलं की गळतीही कमी होते. आमच्या खात्यात यालाच पाणीकपात म्हणतात.

मीठभाकर | १४ जून, सकाळी ११:२०

मीठ! एवढ्या चर्चेत कुणी मीठ काढलं नाही. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, त्यात आमटीपासून बिस्किटापर्यंत सगळं आलं. पापड, लोणचं, फरसाण, शेवचिवडा बंद केल्याशिवाय बीपीच्या गोळ्यांना काम करता येत नाही. सैंधव चालतं असं कुणी सांगेल, तेही सोडियमच आहे. आणि बाजारात "लो सोडियम" मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, किडनीवाल्यांनी ते विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

कोल्हापुरी ठेचा | १४ जून, सकाळी ११:२६

माझा आयडी बदलावा लागणार असं दिसतंय.

मृद्गंध | १४ जून, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. धागा मोठ्याने वाचून दाखवला. "पत्ता चुकलाय" हे सासूबाईंना लगेच पटलं, त्यांनी आयुष्यभर टपालखात्यात नोकरी केलीय. काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारायला त्या स्वतः येणार आहेत. दुसरी पारी, तुमची पोस्ट वाचताना त्या मध्येच उठून आत गेल्या.

मृद्गंध | ८ डिसेंबर, रात्री ९:३५

धागा वर काढतेय. सहा महिने होत आले. जूनमध्ये लघवीतलं प्रोटीन दिवसाला २.६ ग्रॅम होतं, आता ०.९. क्रिएटिनिन १.९ झालं होतं, डॉक्टर म्हणाले फ्लोझिनवाल्या गोळीने सुरुवातीला थोडं वाढतं. आता १.७ वर थांबलंय. बीपी १२४/७८. स्टेरॉइड कमी करत आणलंय. मध्ये चेहरा पुरणपोळीसारखा गोल झाला होता. माझ्या माहेरच्या खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "जावईबापूंना सासुरवाड मानवली हो." लग्नाला नऊ वर्षं झालीत. ऑगस्टमध्ये नागीण उठली, दहा दिवस झोप नाही, तेव्हा मास्तरकाका तुमची आठवण आली. काढा बंद आहे. वेल कुंपणावर ठेवलीय, सासूबाई तिला पाणी घालतात.

स्लाइडवाली, एकच विचारायचंय. व्रण कधीच मागे फिरत नाही का?

स्लाइडवाली | ९ डिसेंबर, दुपारी १:५०

नागिणीचं वाचून वाईट वाटलं. बाकी आकडे बघून बरं वाटलं.

"कधीच" म्हणवत नाही. १९९८ मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, फक्त ८ रुग्ण. मधुमेहींना स्वादुपिंडाचं रोपण केलं, साखर ताळ्यावर आली. पाच वर्षांनी किडनीची बायोप्सी केली, काहीच फरक नाही. दहा वर्षांनी पुन्हा केली, तर गाळणीत साचलेला थर ओसरलेला. आजार वेगळा, त्यामुळे तुमच्यावर तसाच्या तसा लावू नका. आणि ज्या गाळणीचा पूर्ण गोळा झालाय ती परत आलेली मी तरी स्लाइडवर पाहिलेली नाही. पण पाइप फुटायचा थांबला तर काँक्रीट थोडंफार झिजतं, दहा-दहा वर्षांच्या हिशेबाने. पाच वर्षांनी बघणाऱ्याला तेही दिसलं नसतं.

निवृत्त मास्तर | १० डिसेंबर, सकाळी ५:४२

सूनबाई, ०.९ वाचून आनंद झाला. मी जूनमध्ये घाई नको म्हणालो होतो, तुम्ही ऐकलं नाहीत ते बरंच केलंत. गेल्या महिन्यात मीही लघवी तपासून घेतली. एक प्लस आहे. सोमवारी दाखवायला जातोय.

स्लाइडवाली | १० डिसेंबर, सकाळी ८:१५

मास्तर, सकाळच्या पहिल्या लघवीचं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या, आणि घेत असलेली सगळी चूर्णं पिशवीत भरून सोबत न्या. सगळी.

मृद्गंध | १० डिसेंबर, रात्री १०:०५

काका, सोमवारी काय झालं ते इथेच लिहा. आणि मीठभाकर, सासूबाई विचारताहेत की बिनमिठाचं लिंबाचं लोणचं टिकतं का?

मीठभाकर | १० डिसेंबर, रात्री १०:२०

टिकत नाही. चार लिंबांचंच घाला, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

खवचट खानदेशी | १० डिसेंबर, रात्री १०:२२

त्याला लोणचं म्हणत नाहीत, कोशिंबीर म्हणतात.